दाढीवाल्या पाहुण्याचं बाळपण

मैत्रिणींनो, हल्ली मुलांच्या हट्टांची यादी बदलली आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. पूर्वी मांजरीचं पिल्लू, फार तर पामेरियन कुत्रा, नाही तर काचेच्या भांड्यातले दोन सोनेरी मासे एवढ्यावर भागायचं. आता मुलगा मोबाईलवर एक चित्र पुढे करतो आणि म्हणतो, ‘आई, मला हा हवा!’ चित्रात असतो चक्क सरडा! मातकट रंगाचा, अंगावर काटे, पण चेहऱ्यावर एखाद्या आजोबांसारखा शांत भाव. नाव विचारलंत तर ‘बेअर्डेड ड्रॅगन’, म्हणजे दाढीवाला ड्रॅगन.

‘शी! सरडा का कुणी घरात आणतं?’ असं तुम्ही म्हणणार, मला ठाऊक आहे. पण हे पिल्लू आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही विकायला असतं आणि वाढदिवसाची भेट म्हणून घरात येतंसुद्धा. ते आलं, की चार दिवसांनी त्याचं सगळं कुणाच्या गळ्यात पडतं, हे काय मी सांगायला हवं? म्हणूनच आणण्याआधी, किंवा आणलंच असेल तर आजच, या बाळाचं खाणंपिणं नि राहणं नीट समजून घ्या. नीट न सांभाळल्यामुळे ही पिल्लं पहिल्या काही महिन्यांतच दगावतात, आणि त्यात पिल्लाचा काही दोष नसतो.

हे महाशय मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्या देशाच्या पूर्वेकडच्या आणि मधल्या कोरड्या, उघड्या, झुडपांच्या मुलखात ते राहतात. सकाळी कुंपणाच्या खांबावर नाही तर वाळक्या फांदीवर चढून ऊन खात बसायचं, अंग तापलं की किडे टिपायचे, हा त्यांचा दिनक्रम. आपल्या बागेत मान वरखाली करणारा सरडा त्यांचा लांबचा भाऊबंदच, दोघांचं कूळ एक. चिडला किंवा घाबरला की हा गळ्याखालची कातडी फुगवतो आणि ती काळीभोर होते, तीच त्याची दाढी. लहान पिल्लं एक पुढचा पाय उचलून हळूहळू गोल फिरवतात. मुलांना वाटतं, तो ‘टाटा’ करतोय. खरं म्हणजे तो म्हणत असतो, ‘तुम्ही मोठे, मी लहान, मला काही करू नका!’

आणखी एक गंमत सांगते. यांची अंडी बत्तीस अंशांहून जास्त उष्णतेत उबली, की आतले जन्मजात नर असणारे जीवसुद्धा मादी होऊन बाहेर येतात. रानातही असं घडतं, हे कॅनबेरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं. निसर्गाचं सारं अजबच!

ऑस्ट्रेलिया आपले देशी सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवू देत नाही. त्यामुळे इतर देशांत जी पिल्लं मिळतात, ती पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्यांची संतती असते. आपली लेक-सून सिडनीला असेल, तर तिला सांगा, की न्यू साऊथ वेल्समध्ये हा प्राणी पाळायला परवाना लागतो आणि रानातून पकडून आणणं हा तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ पासून परदेशी प्राण्यांच्या ठरावीक जातींची सरकारी परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. याद्या बदलत असतात, तेव्हा घेण्याआधी वन विभागात चौकशी करा आणि दुकानदाराकडून लेखी बिल घ्या. ‘बिलाचं काय एवढं, ताई?’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. आणि हो, ‘त्यापेक्षा आपलंच कासव आणू’ असा शहाणपणा नको. आपलं चांदणी कासव, घोरपड आणि देशी पोपटसुद्धा घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे.

बाळाची खोली

अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम बोटाएवढं, शेपटीसकट आठ-दहा सेंटिमीटर, आणि वजन दोन-तीन ग्रॅम. पण वर्षभरात ते दीड-दोन फुटांचं होतं. तेव्हा पहिली काचेची पेटी साधारण दोन-तीन फुटांची चालेल, पुढे मात्र चार फूट लांब नि दोन फूट रुंद जागा लागणारच. ती जागा घरात कुठे काढणार, हे आजच ठरवा. दोन खोल्यांच्या घरात चार फूट म्हणजे शिलाई मशीन हलवण्याची पाळी!

पिल्लू एकच आणा. ‘एकट्याला करमणार नाही’ ही आपली माणसांची समजूत. दोन पिल्लं एकत्र ठेवली, की थोरलं धाकट्याची बोटं नि शेपटीचं टोक खातं. पालीसारखी यांची शेपटी पुन्हा फुटत नाही, गेली ती गेलीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऊब. आपलं अंग आतून तापतं, याचं बाहेरून तापवावं लागतं. अंग तापलं नाही, तर खाल्लेलं पचत नाही आणि पोटातच सडतं. म्हणून पेटीच्या एका टोकाला वरून दिवा लावायचा आणि त्याच्याखाली फांदी किंवा दगड ठेवायचा. त्या जागी चाळीस ते बेचाळीस अंश सेल्सिअस उष्णता हवी. दुसरं टोक मात्र सव्वीस-अठ्ठावीस अंशांवर हवं, म्हणजे उकडायला लागलं की बाळ आपोआप तिकडे सरकतं. उष्णता हाताने अजमावू नका. पेटीला चिकटवायच्या पट्ट्याही खोटं सांगतात. आकडे दाखवणारा चांगला तापमापक घ्या. गरम होणारे दगड विकतात, ते मुळीच घेऊ नका, पोट भाजतं तरी पिल्लाला कळत नाही. रात्री दिवे बंद. लाल दिवासुद्धा नको, त्यालाही अंधारात झोप लागते. घरातली उष्णता वीस अंशांखाली जात नसेल, तर रात्री वेगळी ऊब लागत नाही. नाशिक-पुण्याच्या थंडीत मात्र याची काळजी घ्यावी लागेल.

दुसरा दिवा यूव्हीबी किरणांचा. इथेच निम्मी घरं चुकतात, असं माझं मत आहे. ऊब देणारा दिवा वेगळा आणि हा वेगळा. आपल्या बाळांना कोवळ्या उन्हात का न्यायचो? ड जीवनसत्त्वासाठी. तसंच हे. ही किरणं अंगावर पडली, की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि तेव्हाच खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. ‘आमच्या खिडकीत छान ऊन येतं’ म्हणाल, तर काच ती किरणं अडवते. म्हणून वाळवंटी प्राण्यांसाठी असते ती लांब नळी घ्यायची, पेटीची निम्मी-अधिक लांबी व्यापेल एवढी. रोज बारा ते चौदा तास ती चालू ठेवायची. नळी आणि पिल्लू यांच्यामध्ये काच नको. बारीक जाळीही बरीचशी किरणं अडवते. आणि नळी उजेड देत असली, तरी सहा महिने ते वर्षात तिची किरणं संपतात. नेमके किती महिने, ते खोक्यावर वाचा आणि बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, गॅसच्या सिलिंडरची लिहितो तशी.

खरं ऊन तर उत्तमच. सकाळी पंधरा-वीस मिनिटं तारेच्या पिंजऱ्यात घालून, निम्म्या भागावर पंचाची सावली करून गच्चीवर ठेवा, पण तिथेच बसून राहा. घार, कावळा आणि शेजारचा बोका टपलेलेच असतात. काचेची पेटी मात्र उन्हात कधीही ठेवू नका, दहा मिनिटांत भट्टी होते.

खाली वाळू नको. दुकानदार ‘वाळवंटातला प्राणी आहे ना’ म्हणून रंगीत वाळूची पिशवी माथी मारतात. पिल्लू किड्याबरोबर वाळू गिळतं आणि आतडं तुंबतं. पहिले काही महिने स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल किंवा जुना कागद अंथरा. थोडं मोठं झालं की शहाबादीचा तुकडा बसवा. पुसायला सोपा, ऊब धरतो आणि नखंही झिजतात.

विजेचा हिशेब मी करून पाहिला. शंभर वॅटचा दिवा बारा तास म्हणजे एक युनिट आणि वर थोडं. नळी धरून रोजचं दीड युनिट, महिन्याचे पंचेचाळीस. तुमच्या बिलात ते काय भावाने पडतील, ते तुम्हीच बघा. आणि दिवसा चार-चार तास वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर नसेल, तर या फंदात पडूच नका.

ताटात काय वाढायचं?

इथे शाकाहारी घरातल्या मैत्रिणींनी जरा दम धरून वाचावं. मोठा झालेला ड्रॅगन बराचसा पालाच खातो, पण पिल्लाचं तीनचतुर्थांश खाणं जिवंत किड्यांचं असतं. त्याला वाढायचं असतं, हाडं बांधायची असतात. नुसत्या पाल्यावर ते जगत नाही. देव्हाऱ्यापासून दहा फुटांवर रातकिड्यांचा डबा चालणार आहे का, हे सासूबाईंना आधी विचारा. मागाहून वाद नको!

दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं, हा नियम. चांगलं खाणारं पिल्लू दिवसाला तीस-पन्नास बारीक रातकिडे सहज फस्त करतं, म्हणजे महिन्याला हजार-दीड हजार. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते, खरा खर्च हा आहे. रातकिडे, डुबिया जातीची झुरळं, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, हे सगळं पाळीव प्राण्यांसाठी मुद्दाम वाढवलेलंच घ्या. (या अळ्या तुमच्या खताच्या टोपलीतही होतात, पण त्या टोपलीतल्या देऊ नका.) किडा किती मोठा? पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. दुकानात बरेचदा मीलवर्मच्या अळ्या पुढे करतात. त्यांचं कवच कडक असतं आणि इवल्या पोटाला ते जड जातं. त्या थोडा मोठा झाल्यावर कधीमधी.

बागेतले किडे, घरातली झुरळं अजिबात नकोत. फवारणी कुठे झाली असेल, सांगता येत नाही. आणि काजवा तर कधीच नाही. काजव्याच्या अंगात असं विष असतं, की एकाच काजव्यानेही हा प्राणी दगावू शकतो. मे-जूनमध्ये कोकणातून किंवा भंडारदऱ्याहून मुलांनी डबीत काजवे भरून आणले असतील, तर ती डबी पेटीपासून लांब ठेवा. खरं म्हणजे काजवे तिथेच सोडून यावेत.

किडे द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनाही पोटभर गाजर, भोपळा, पाला खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे असेल, तेच शेवटी पिल्लाच्या पोटात जाणार. रातकिड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, म्हणून प्राण्यांसाठी मिळणारी कॅल्शियमची पूड लावूनच तो द्यायचा. पिशवीत किडे घालायचे, चिमूटभर पूड टाकायची आणि चिरमुऱ्यांना तिखट लावताना हलवतो तसं हलवायचं. बहुतेक खाण्यांना ही साधी पूड, ड जीवनसत्त्व असलेली मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच. संध्याकाळी उरलेले किडे वेचून काढा. रात्री भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाचे लचके तोडतात.

पाला रोज सकाळी ठेवा, पहिले काही दिवस ते ढुंकूनही बघणार नाही. आपली मुलं तरी पहिल्या घासाला दुधी खातात का? कोथिंबिरीसारखा बारीक चिरून, पाणी शिंपडून ठेवत राहा. शेवग्याचा पाला, मोहरीचा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीचं फूल. लाल रंगाकडे ते आधी झेप घेतं, म्हणून वर जास्वंदीची एक पाकळी ठेवायची युक्ती करून बघा. पालक, माठ, चुका, बीटचा पाला नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. अळू, कांदा-लसूण, लिंबूवर्गीय फळं, अव्होकॅडो हेही वर्ज्य. आणि दूध, भात, पोळी, ‘थोडंसं चाखू दे की’ म्हणून काहीही देऊ नका.

पाणी उथळ झाकणीत ठेवा. पण वाळवंटातल्या प्राण्याला साचलेलं पाणी ओळखूच येत नाही पुष्कळदा. नाकाच्या शेंड्यावर ड्रॉपरने एखादा थेंब सोडला की चाटतो. आठवड्यातून एक-दोनदा कोमट पाण्यात, खांद्यापर्यंतसुद्धा नाही इतक्या उथळ, पाच-दहा मिनिटं बसवा. हात लावून बसा, टेलिफोन वाजला तरी उठू नका.

हात धुवा म्हणजे धुवाच

इथे मी जरा कडक बोलणार आहे. हा प्राणी दिसायला ठणठणीत असला, तरी त्याच्या विष्ठेत आणि अंगावर सॅल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात याच प्राण्यापासून सॅल्मोनेलाची साथ आली होती आणि आजारी पडलेल्यांत निम्म्याहून जास्त मुलं पाच वर्षांची आणि त्याहून लहान होती. त्यातली कित्येक तान्ही होती. तान्ह्या बाळाने प्राण्याला हात लावायचीही गरज नसते. ज्याने पेटी साफ केली, त्याचा हात बाळापर्यंत पोचला की झालं. तेव्हा घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, कुणी गरोदर असेल, कुणी म्हातारं-आजारी असेल, तर कृपा करून हा हट्ट दोन-चार वर्षं पुढे ढकला. मुलगा रडेल, रडू दे.

इतरांनी हात लावला की साबणाने हात धुवायचे, दरवेळी. पेटीतली भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये नाही, मोरीत धुवायची आणि त्यांची घासणी वेगळी ठेवायची. तोंडाजवळ नेऊन पापी घ्यायची नाही. दर आठवड्याला वजन करायचं, पण त्यासाठी ग्रॅम दाखवणारा छोटा काटा निराळा घ्या, रव्या-मैद्याचा नको. वजन वहीत लिहा. पिल्लाचं वजन दर आठवड्याला वाढलंच पाहिजे. थांबलं, तर काहीतरी बिघडलं आहे.

बिघडल्याच्या खुणा आईच्या नजरेला लवकर दिसतात. पाय वाकडे वाटणं, बोटं किंवा पाय थरथरणं, जबडा मऊ लागणं, पोट उचलून चालण्याऐवजी फरफटत जाणं, ही हाडं ठिसूळ होण्याची लक्षणं. कॅल्शियम आणि किरणं कमी पडली, की हेच होतं. वेळेवर धावपळ केली, तर रोग थांबतो, वाकलेलं हाड मात्र वाकलेलंच राहतं. तोंड उघडं ठेवून ऊन खाताना घाबरू नका, तो अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकतो. पण गार टोकाला बसूनही तोंड उघडं असेल, श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, तर तो छातीचा विकार. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात याचा धोका फार. याला कोरडी हवा लागते आणि आपल्याकडे जुलैमध्ये पापडसुद्धा सादळतात! पेटीला चारी बाजूंनी हवा खेळू द्या, ओलं कापड जवळ वाळत घालू नका. नागपूर-अकोल्याकडच्या मैत्रिणींना उलटी अडचण. मे महिन्यात खोलीच पंचेचाळीस अंशांकडे जाते, मग पेटीचं गार टोक उरतच नाही. तेव्हा पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा, ऊब देणारा दिवा कमी वॅटचा लावा.

पिल्लू वरचेवर कात टाकतं. सुटत आलेली कात मुलांना ओढावीशी वाटते, ओढू देऊ नका, खालची कातडी फाटते. आणि उचलताना वरून झडप घालू नका. त्याच्या डोक्याच्या मधोमध उजेड-सावली ओळखणारा तिसरा डोळा असतो आणि वरून आलेली सावली म्हणजे घार, एवढंच त्याला माहीत. समोरून, बाजूने हात सरकवून पोटाखाली आधार द्या.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर थोडे. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर हे बघत नाही. म्हणून पिल्लू आणण्याआधी चार ठिकाणी विचारून डॉक्टरांचं नाव-पत्ता काढून ठेवा, रात्री अकराला शोधत बसायला नको. आणल्यावर पहिल्याच आठवड्यात विष्ठा तपासून घेतली, तर पोटातले जंत कळतात.

हा प्राणी नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं, कधी बाराही वर्षं जगतो. आज सातवीत असलेला तुमचा मुलगा तोवर कॉलेज संपवून नोकरीला लागला असेल. ‘मी सगळं करीन’ या त्याच्या वचनाची किंमत तुम्ही जाणताच. म्हणून विकत घेण्याआधी एक महिना त्याच्याकडून नुसती तालीम करून घ्या. रोज सकाळी सातला उठून पाला बारीक चिरून बशीत ठेवायचा, शाळेतून आल्यावर ती धुवायची, संध्याकाळी ठरल्या वेळी एक दिवा बंद करायचा. पिल्लू नसताना. महिनाभर जमलं, तर पुढचं बोलणं.

आणि घरी आलंच असेल आणि निभत नसेल, तर बागेत किंवा टेकडीवर सोडून देऊ नका. इथल्या पावसात ते मरेल, जगलंच तर इथल्या जीवांना त्रास. डॉक्टरांना विचारून अनुभवी माणसाकडे सोपवा.

गणपतीत गावाला जाताना पेटी गाडीत घालून नेऊ नका. पाच दिवस शेजारणीला किल्ली द्या आणि पेटीवर कागद चिकटवा: सकाळी सातला दोन्ही दिवे चालू, सातला आणि एकला पूड लावलेले किडे, सकाळीच पाला, पाचला शेवटचं खाणं आणि उरलेले किडे बाहेर, संध्याकाळी साडेसातला दिवे बंद, नंतर हात साबणाने. किड्यांचा डबा कुठे आहे, तेही तिला दाखवून ठेवा. आणि त्याचं झाकण घट्ट लावायला सांगा. सुटलेला एक रातकिडा कपाटामागे गेला, तर ती बिचारी रात्रभर झोपायची नाही.